तात्यांची औटकी

गेल्या मृगाच्या आधीं अलिबागच्या घरांतील माळ्यावरची जुनी ट्रंक मीं खालीं काढली, ती वाळवी लागली आहे कीं काय एवढेंच पाहण्यासाठीं. वाळवी नव्हती, परंतु लग्नपत्रिका आणि शेतसाऱ्याच्या पावत्या यांच्या खालीं एक कॅसेट सांपडली, आणि तिच्यावर माझ्याच तरुणपणच्या अक्षरांत 'तात्या. औटकी. १९८३' असें लिहिलेलें होतें. तें वाचतांच मी तेथेंच जमिनीवर बसलों. तात्यांना जाऊन आतां जवळजवळ चाळीस वर्षें होत आलीं. ही कॅसेट घरांत आहे हें मला पुरतें ठाऊक होतें. आणि म्हणूनच इतकीं वर्षें त्या ट्रंकेला मीं हात लावला नव्हता.

माझे वडील एका भाताच्या गिरणीवर दिवाणजी होते. त्यांच्या पिढीच्या दिवाणजीला पाढे येत असत असें सांगणें म्हणजे माशाला पोहतां येतें असें सांगण्यासारखेंच आहे. तथापि आजच्या वाचकासाठीं तें सांगितलें पाहिजे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांच्या जिभेवर असत. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन रुपये भावानें कोणी सतरा पायली तांदूळ मागितले, तर त्याचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच तात्या 'साडेएकोणसाठ' म्हणून मोकळे होत. त्यांना आंकडेमोड करतांना मीं कधीं पाहिलेंच नाहीं. उत्तर त्यांच्यापाशीं आधींच असे. प्रश्न तेवढा उशीरा येई.

१९८३ साली पगारांतून शिल्लक टाकून मीं एक टेपरेकॉर्डर घेतला, तेव्हां घरांतील प्रत्येकाचा आवाज त्यांत भरून घेण्याचें मला वेडच लागलें होतें. तात्या या खेळास प्रथम तयार होईनात. शेवटीं एका दिवेलागणीला ओटीवर बसून त्यांनीं औटकी म्हणून दाखविली, आणि 'झालें का तुझें समाधान?' असें विचारून ते उठून गेले. १९८६ साली ते वारले. तेराव्याच्या रात्रीं सर्व निजल्यावर त्यांचा आवाज ऐकावा म्हणून मीं तें यंत्र काढलें आणि अंधारांत भलतेंच बटण दाबलें. चूक ध्यानांत येईपर्यंत आठ-दहा सेकंद गेले. तेवढे आठ-दहा सेकंद तात्या पुसले गेले, आणि त्यांच्या जागीं एका टिटवीचें ओरडणें व माझें 'अरे, अरे!' हीं दोन कायमचीं उमटलीं. ही गोष्ट मीं कोणालाहि सांगितली नाहीं. कॅसेट हरवली असें घरांत सांगितलें. माझ्या थोरल्या बहिणीनें, अक्कानें, त्या वर्षीं ती दोनदां मागितली. दोन्ही वेळां मी खोटें बोललों.

माझा पुतण्या यंत्रांना शिकविण्याच्या धंद्यांत आहे. त्यानें कोणाकडून तरी एक जुनें यंत्र पैदा केलें, फीत अलगद गुंडाळून सैल केली आणि तात्यांना बोलतें केलें. आवाज थोडासा मातकट झाला होता, परंतु तो तात्यांचाच होता. मला प्रथम आश्चर्य वाटलें तें हेंच. चाळीस वर्षें त्या ट्रंकेंत ना वीज होती, ना दिवा, ना कोणाची देखरेख. त्या तपकिरी फितीवर जी पूड लावलेली असते ती लोखंडाच्या ऑक्साईडची. गंजाची सख्खी चुलत बहीणच म्हणावयाची. चाळीस पावसाळे त्या गंजानें तात्यांना जपलें, आणि त्याबद्दल एका पैचीहि मागणी केली नाहीं.

'काका,' पुतण्या म्हणाला, 'एवढ्या आवाजावर यंत्राला तात्यांचा आवाज शिकवतां येईल. मग हें मधलें तुटलेलें तें भरून काढील. एवढेंच काय, अक्काआत्याला तात्यांच्या आवाजांत नांवानें हांकहि मारील.'

'आणि याला खर्च किती?' मीं विचारलें. दिवाणजीच्या मुलाला दुसरें काय सुचणार?

'तुम्हांला कांहीं नाहीं. खर्च विजेचा, तो दुसरीकडे होतो.'

हा 'दुसरीकडे' शब्द माझ्या मनांत रुतून बसला. तें ओळखूनच कीं काय, पुढच्या आठवड्यांत मुंबईस जातांना त्यानें गाडी मुद्दाम ऐरोलीवरून नेली आणि एका डेटा सेंटरच्या कुंपणापाशीं उभी केली. खिडक्या नसलेली ती इमारत लांबून एखाद्या कोठारासारखी दिसत होती. जवळ गेल्यावर मात्र तिचें घुमणें छातींत जाणवूं लागलें. एका अंगास डिझेलच्या जनित्रांची रांग उभी होती. वरच्या बाजूस थंडाव्याचीं यंत्रें फिरत होतीं. आंत माणसें फारशीं नसतात, असें तो म्हणाला. आंत आंकडे असतात.

शिकलेलें यंत्र म्हणजे काय, हें त्यानें मला त्या कुंपणाशीं उभें राहून सांगितलें, आणि तें मला तात्यांच्या धंद्यामुळें चटकन् समजलें. अब्जावधि लहान लहान आंकड्यांचा एक संच असतो. यंत्र जें कांहीं शिकलेलें असतें तें या आंकड्यांत असतें. कोणी प्रश्न केला, कीं त्या प्रश्नाचेहि आंकडे करावयाचे, ते या आंकड्यांशीं गुणावयाचे आणि गुणाकारांच्या बेरजा घ्यावयाच्या. गुणाकार आणि बेरीज, पुन्हां गुणाकार आणि बेरीज, गिरणीवरचेंच काम. मग त्याला एवढी मोठी इमारत आणि एवढी ऊब कशासाठीं?

उत्तर असें, कीं यंत्राचे श्रम हिशेबांत होत नाहींत, हेलपाट्यांत होतात. संगणकाच्या रचनेंत आंकडे ठेवण्याची जागा एकीकडे आणि गुणण्याची जागा दुसरीकडे असते. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनीं २०१४ साली एक हिशेब मांडला होता. त्या काळच्या चिपांवर दोन पूर्णांकांची बेरीज करण्यास जी ऊर्जा लागे, तिच्या कित्येक हजारपट ऊर्जा एक आंकडा बाहेरच्या स्मृतींतून नुसता उचलून आणण्यांत जाई. एखाद्या दिवाणजीला एकहि पाढा पाठ नसावा, आणि प्रत्येक गुणाकारासाठीं त्यानें कंदील घेऊन गांवाबाहेरच्या कोठारांत जावें, उत्तर पाहावें आणि परत यावें, असा हा प्रकार आहे. तेल संपतें तें वाटेवर.

दुसरा खर्च नुसतें लक्षांत ठेवण्याचा. आजच्या संगणकाची मुख्य स्मृति म्हणजे विद्युद्भाराचे अतिसूक्ष्म घडे होत, आणि हे सर्व घडे गळके आहेत. प्रत्येक घडा दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत पुन्हां भरावा लागतो. न भरला तर त्यांतील आठवण वाहून जाते. ज्याला कांहींच काम नाहीं अशा यंत्रालाहि विसरूं नये म्हणून वीज खावी लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ सालच्या अहवालाप्रमाणें, २०२४ साली जगांतील डेटा सेंटरांनीं सुमारें ४१५ अब्ज युनिट, म्हणजे जगांतील एकंदर विजेच्या दीड टक्का वीज वापरली; २०३० साली हा आंकडा ९४५ अब्जांच्या घरांत जाईल असा तिचा अंदाज आहे. हें सारेंच कांहीं शिकणाऱ्या यंत्रांचें नव्हे. परंतु या वाढींत त्यांचा वांटा मोठा आहे. या कामासाठीं २०२२ पासून प्रसिद्धीस आलेली 'एच-१००' ही एकच चिप भर कामांत ७०० वॉटपर्यंत वीज घेते. माणसाच्या मेंदूचें सुमारें २० वॉटांत भागतें, आणि तेवढ्यांतच त्याचें प्रेम, मत्सर आणि औटकी हीं सर्व चालतात.

चुंबकाची रीत निराळी. लोखंडाच्या कणांतील इलेक्ट्रॉनांनीं एकदां एका दिशेस तोंड केलें, कीं तें तसेंच ठेवण्याबद्दल त्यांना कोणाचें वेतन लागत नाहीं. माझ्या ट्रंकेंत घडलें तें हेंच. संगणकाच्या बालपणीं हें शहाणपण लोकांना होतें. त्या वेळच्या यंत्रांची स्मृति तारांत ओंवलेल्या चुंबकीय मण्यांची असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची स्मृतिहि अशीच मण्यांची होती. पुढें सिलिकनचे गळके घडे स्वस्त आणि चपळ निघाले, आणि मणी मागें पडले.

ते आतां परत येत आहेत, परंतु डोळ्यांना दिसणार नाहींत एवढे होऊन. चुंबकीय धातूचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्यें मॅग्नेशियम ऑक्साईडचा, मिलिमीटरच्या सुमारें दहा लक्षाव्या भागाएवढा पडदा, अशी या नव्या मण्याची रचना असते. दोन्ही थरांचीं तोंडें एका दिशेस असलीं, तर विजेला पडद्यांतून वाट सुलभ मिळते. परस्परांविरुद्ध असलीं, तर ती अडते. या विद्येचा पाया १९८८ साली फ्रान्समध्यें आल्बेर फेर आणि जर्मनींत पेटर ग्र्यूनबर्ग यांनीं घातला, आणि २००७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. १९९६ साली स्लोंचेव्स्की आणि बर्जर या दोघांनीं स्वतंत्रपणें असें दाखविलें, कीं बाहेरून चुंबक न आणतां, नुसत्या विजेच्या प्रवाहानेंहि अशा थराचें तोंड फिरवितां येईल. २००५ साली 'नेचर'मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत, हाच मणि उलटसुलट धांवणाऱ्या प्रवाहापासून एकाच दिशेचा विद्युद्दाब निर्माण करूं शकतो हें सिद्ध केलेलें आहे. काम जपानांतलें, परंतु लेखकांच्या यादींत पहिलें नांव अश्विन तुळापूरकर यांचें आहे, आणि ते पुढें मुंबईच्या आय. आय. टी. त प्राध्यापक झाले. भीमेच्या कांठचें तुळापूर त्या यादीच्या आरंभीं पाहून मला जो आनंद झाला तो शास्त्रीय नव्हता, हें मी कबूल करतों.

मला अधिक मोह पडला तो या मण्यांच्या जाळ्याचा. शिकलेल्या यंत्राचे आंकडे अशा मण्यांत भरून ते उभ्या-आडव्या तारांच्या जाळ्यांत बसवावयाचे, आणि प्रश्नाचे आंकडे विजेच्या रूपानें तारांत सोडावयाचे. मग गुणाकार त्या त्या मण्यांतच होतो, आणि बेरीज तारेच्या दुसऱ्या टोंकाशीं आयती मिळते; कोठारापर्यंत कोणालाच जावें लागत नाहीं. २०२२ साली सॅमसंगच्या संशोधकांनीं चौसष्ट गुणिले चौसष्ट मण्यांचें असें जाळें करून हातानें लिहिलेले अंक त्याच्याकडून ओळखवून घेतले. शंभरांत अठ्ठ्याण्णव वेळां उत्तर बरोबर आलें. जेथें आठवण तेथेंच हिशेब, या तत्त्वाला आज मोठमोठीं नांवें दिलेलीं आहेत. आमच्या ओटीवर त्याला पाठांतर म्हणत.

आणि एक प्रयोग तर जणूं माझ्या कॅसेटसाठींच केलेला वाटला. २०१७ साली पॅरिसजवळच्या पालेझो येथील ज्यूली ग्रोलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं असा एकच मणि घेतला, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनहि लहान, आणि माणसांनीं उच्चारलेले शून्य ते नऊ हे अंक ओळखण्याच्या कामाला तो लावला. विजेनें त्याचें चुंबकत्व डोलूं लागतें. त्या डोलण्यांत आवाजाचे बारकावे उमटतात. आवाज आधीं चाळण्याचें आणि शेवटीं निकाल लावण्याचें काम साध्या संगणकानेंच केलें, हें सांगितलें पाहिजे. परंतु मधला अवघड भाग त्या एका मण्यानें केला, आणि शंभरांत नव्याण्णवांहून अधिक अंक ओळखले गेले. लोखंडानें माझ्या वडिलांचे आंकडे चाळीस वर्षें नुसते धरून ठेवले होते. आतां लोखंडाला ते कळूंहि लागले तर!

तथापि उत्साहाच्या भरांत हिशेब चुकवूं नये. ऐरोलीचीं जनित्रें उद्यां सकाळीं थंड होतील असें नाहीं. या मण्याच्या दोन अवस्थांतील फरक दुप्पट-तिप्पट एवढाच असतो. त्यामुळें मोठ्या बेरजांत चुका शिरतात. शिवाय त्याच्यावर लिहिण्यास वाचण्याहून पुष्कळ जास्त वीज पडते. आणि मुळांतच एक पेंच आहे. जो चुंबक आपली दिशा हट्टानें धरून ठेवतो त्याला वळवावयास जोर लागतो. जो सहज वळतो तो सहज विसरतो. आठवण पक्की हवी आणि लिहिणेंहि स्वस्त हवें, हीं दोन्ही मागणीं एका वेळीं पुरीं होत नाहींत. हें वाचतांना मला त्या तेराव्याच्या रात्रीची आठवण झाली. चाळीस वर्षें टिकणारी ती फीत माझ्या एका बोटाखालीं आठ सेकंदांत विसरली होती.

चुंबकाचा शेजार आमच्या गांवाला जुना आहे. मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येण्याचें ठरलें, आणि त्यांच्या प्रवाहानें वेधशाळेच्या सुया बहकतील हें उघड झालें. म्हणून ट्राम धांवूं लागण्यापूर्वींच, १९०४ साली, लोखंड टाळून बांधलेल्या अलिबागच्या इमारतींत तें काम आलें. विजेची ट्राम मुंबईंत १९०७ साली सुरू झाली आणि १९६४ साली बंदहि पडली. अलिबागच्या सुया आपल्या जागीं आहेत. लहानपणीं त्या कुंपणाजवळून जातांना खिशांतल्या किल्लीनें पृथ्वीचें कांहीं बिघडेल कीं काय, अशी आम्हां मुलांना भीति वाटे. त्या वेळीं शहराच्या विजेनें चुंबकाला खाडीपलीकडे घालविलें. आज तेंच शहर विजेच्या ओझ्याखालीं वांकूं लागलें असतां चुंबकाला परत बोलावणें जात आहे.

हें सर्व समजून घेण्यांत दोन महिने गेले. अक्काकडे जाणें टाळण्याचा तो एक सभ्य मार्ग होता, हें आतां मला दिसतें. अक्का ८१ वर्षांची आहे. नागांवास मुलाकडे असते, आणि गुडघ्यांमुळें फारशी कोठें जात नाहीं. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं पुतण्या आणि मी तिच्याकडे गेलों. मीं कांहीं न सांगतां कॅसेट लावली.

तात्यांनीं सुरुवात केली. अक्काचा हात गुडघ्यावर होता, तो तालावर हलूं लागला. साताची औटकी साडेचोवीस झाली, आणि माझी टिटवी ओरडली. मीं मान खालीं घातली. पण अक्का थांबली नव्हती. आठाची अठ्ठावीस, नवाची साडेएकतीस, दहाची पस्तीस असें ती पुटपुटत पुढें गेली, आणि अकराच्या साडेअडतिसाला तात्यांनीं तिच्या हातांतून पाढा उचलून घेतल्यासारखा पुन्हां आपल्याकडे घेतला. एका श्वासाचाहि फरक पडला नाहीं. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें. जॉन हॉपफील्ड यांनीं १९८२ साली चुंबकांच्या गणितावरूनच अशा एका स्मृतीची कल्पना मांडली होती, कीं जिला आठवणीचा एक तुकडा दिला तर ती उरलेलें स्वतःच पुरें करते. २०२४ साली जॉफ्री हिंटन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. शिकणाऱ्या यंत्रांच्या कुळाचा एक मूळपुरुष तोच, असें पुतण्या नेहमीं सांगे. त्या वेळीं मात्र तो कांहीं बोलला नाहीं.

'ती टिटवी कुठली रे?' अक्कानें विचारलें.

मीं सांगून टाकलें. ती थोडी हंसली. 'मला वाटलेंच होतें,' ती म्हणाली. 'लहानपणींहि तूं हरवलें म्हणालास, कीं तें फुटलेलें असे.'

मग पुतण्यानें आपला बेत तिच्यापुढें मांडला. यंत्र तात्यांचा आवाज शिकेल. फीत झिजली तरी आवाज राहील.

'आणि काय बोलतील ते?'

'तूं सांगशील तें, आत्या. तुला नांवानें हांक मारतील.'

अक्का बराच वेळ गप्प राहिली. ती हो म्हणेल असें मला वाटलें, आणि ती हो म्हणाली असती तर मीं तिला नाहीं म्हटलें नसतें. चाळीस वर्षांचें देणें माझ्याकडे होतें.

'पण तात्यांनीं मला नांवानें कधीं हांक मारलीच नाहीं,' ती शेवटीं म्हणाली. 'मी दारांत दिसलें कीं ते नुसते खाकरत, आणि रिकामा तांब्या पुढें करीत. तुझ्या यंत्राला खाकरतां येतें का?'

पुतण्यानें फीत उलट फिरविली. औटकी सुरू होण्यापूर्वीं, अगदीं आरंभीं, तात्या खाकरले होते. इतक्या वेळां ऐकूनहि आम्हां दोघांना तो आवाज गोंगाटासारखा वाटला होता. पुतण्याची प्रत यंत्रासाठीं साफ केलेली होती, आणि तींतून तर त्यानें तो काढूनच टाकला होता. अक्कानें तो तीन वेळां ऐकला.

'आतां पुरें,' ती म्हणाली. 'फीत झिजेल.'

पुतण्यानें दुसरी प्रत केली आहे, खाकरण्यासकट. टिटवी आणि मीहि तींत आहों. यंत्राला ती त्यानें अद्यापि दिलेली नाहीं. मूळ कॅसेट अक्कानें ठेवून घेतली. निघतांना मीं तिला बजावलें, कीं रेडिओच्या कर्ण्याजवळ ठेवूं नकोस, तेथें चुंबक असतो. ती म्हणाली, 'तूं त्याच्याजवळ जाऊं नकोस म्हणजे झालें.'